भिंतीला ताण

बोईसरच्या त्या कंपनीच्या स्वागतकक्षातली हिरवी भिंत समिधाने स्वतः झाडं निवडून उभी केली होती. वर मनीप्लँट, खाली नेचे, मधूनमधून पीस लिली. माती नाहीच, नारळाच्या भुशाचे कप्पे आणि रात्री आपोआप चालणारं ठिबक. मुंबईचे साहेब येईपर्यंत भिंत टिकली तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ.

आणि नेमके आताच नेचे करपायला लागले. ठिबकचा कॉक कुणीतरी रात्री बंद करत होतं. समिधा रोज उघडून घरी जायची, सकाळी पाहावं तर बंद.

तिच्या मनात पाल चुकचुकली. रखमा! दांडीहून येणारी ही सफाईवाली भिंतीखालचं पाणी पुसताना कायम करवादायची, "मॅडम, ही भिंत हाय का गळकं छप्पर?" तेव्हा समिधा हसली होती. आता त्यातच तिला धमकी ऐकू यायला लागली. संध्याकाळी रखमा कॉकपाशी वाकली की हिची नजर तिच्या हातांवर. फडकं पिळते म्हणे!

गेटवर रात्रपाळीला अण्णा असत, एडवणचे वाडीवाले. त्यांच्याजवळ रखमाचं नाव काढणं तिला बरं वाटेना.

"अण्णा, रात्री भिंतीकडे जरा लक्ष ठेवा."

"ठेवतो ना. तुमी नका काळजी करू."

तरी कॉक बंदच. शेवटी समिधाने मॅनेजरला रखमाचं नाव सांगितलं. त्याने चौकशीची भानगडच ठेवली नाही. सोमवारपासून रखमा यायची बंद झाली.

मंगळवारी सकाळी कॉक पुन्हा बंद!

समिधा तडक गेटवर गेली. "अण्णा, रात्री कॉक कुणी बंद केला?"

"मीच की," अण्णा खुशीत म्हणाले. "ताण दिलाय. साहेब येतील तवा फुलं पायजेत, तुमीच बोललात ना? वाडीत मोगऱ्याला आमी असंच करतो. पाणी तोडलं का झाड घाबरतं, नि कळ्या टाकतं."

जमिनीतला मोगरा ताण सोसतो हो, पण मूठभर भुशातल्या नेच्याने काय करावं? अण्णांवर ओरडायला समिधाने तोंड उघडलं आणि तिला रखमा आठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रखमा दिसली नाय कालपासून," अण्णाच म्हणाले. "बरी हाय ना?"

"मी काढायला लावलं तिला."

"का वो? काय केलं तिनं?"

"पाणी बंद केलं म्हणून," समिधा म्हणाली.