रुखवतातल्या साठ वाट्या

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले दोन दातही गळून पडू देत!

तर निरुपमानं मरळीच्या पराला तारेनं लाल चकती अडकवली आणि मासा अलगद पाण्यात सोडला. साठावा.

सावली गावाच्या पलीकडचं तळं, साल चौऱ्याण्णव. बडोद्यातल्या बाकीच्या पोरी बँकेच्या परीक्षा देत होत्या, आणि मल्हाररावांची ही लेक गुडघाभर चिखलात उभी राहून तळ्याच्या मरणाचं गणित मांडत होती. चकतीवाल्या किती मरळी परत सापडतात, त्यावरून तळ्यात एकूण किती ते काढायचं. पहिला अंदाज आलाच होता: याच चालीनं जाळी ओढत राहिलात तर तळ्याला उरली दहा वर्षं. पुढे मरळ एका आकड्याखाली गेली, की जाळी वाळत घातली तरी ती परतायची नाही.

"हे सिद्ध करून दिलं ना, की विणीचे तीन महिने जाळी बंद करायला लावीन," ती म्हणाली. "तळं वाचेल, विश्रामभाई."

विश्राम भोई होडी धरून उभा होता. मरळी त्यानंच दाखवल्या होत्या. पिलांचा लाल झुबका वर दिसला, की खाली आई असतेच. ती पिलं सोडून हलत नाही.

"पिलांवरची आई आम्ही धरत नाही हां, बेन. बापदादांपासूनचा नेम आहे. तुम्ही सोडून देता म्हणून दाखवली."

"चकती आणून देणाऱ्याला मी एक वाटी देईन."

मल्हाररावांनी लेकीच्या रुखवतासाठी साठ स्टीलच्या वाट्या घेऊन ठेवल्या होत्या, काठावर 'चि. सौ. कां. निरुपमा' कोरून. नवरा काही ठरेना, वाट्या माळ्यावर पडून होत्या.

"बहु सारू!" विश्रामची बायको विमल हसली. "नवऱ्याचा पत्ता नाही, अन् वाट्या आधी!"

पहिल्या आठवड्यात नऊ चकत्या आल्या. मग चौदा. निरुपमा खूश, आकडे भराभर जमत होते. एकदा तिनं विचारलंसुद्धा,

"विमलबेन, एवढ्या कशा सापडतात?"

"पाच वाट्या घरात शोभतात का, बेन? सहाचा सेट तर पुरा पाहिजे ना!"

निरुपमा हसली आणि सहावी वाटी काढून दिली.

चकत्यांपायी आया गेल्या, पिलं बगळ्यांनी टिपली. मरळ संपली तशी बारकी मासळी माजली, तिनं पाण्यातले किडे फस्त केले. जे शेवाळ हे किडे खायचे, ते मोकाट सुटलं. तळं हिरवं झालं, मग नासलं. दुसऱ्या उन्हाळ्यात बारकीही पोट वर करून तरंगली.

तिच्या पीएच.डी.च्या विश्वंभर सरांनी आलेख उजेडात धरला.

"वा! दहा वर्षं म्हणत होतीस, तळ्यानं दोनच लावली. पण वळण बघ, हुबेहूब!"

"सर, तळं मेलं."

"म्हणून तर सिद्ध झालं. अर्धमेल्या तळ्यावर कोणी डॉक्टर होतं का?"

ती डॉक्टर झाली. पेढे घेऊन विश्रामकडे गेली. तो नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात पिंपं उचलायला गेला होता. फळीवर सहा वाट्या ओळीनं चकाकत होत्या. विमलनं पेढ्याचा पुडा न उघडताच बाजूला ठेवला.

"आवो, बेन. दुपारची वेळ आहे, जेवूनच जा."

तिनं फळीवरून एक वाटी काढली, पदरानं पुसली, बटाट्याचा पाणचट रस्सा वाढला आणि काठावरचं नाव निरुपमाकडे येईल अशी फिरवून समोर ठेवली. निरुपमानं वाटी संपवली.

आता दातांची शपथ घेतलीय, तर सांगूनच टाकते. तो रस्सा मी गोष्टीत माझ्या पदरचा वाढला. विमलनं ठेवलेली वाटी रिकामीच होती.