चौतीस माणसांची गाडी

सप्टेंबरात आमच्या वाडीवर ढग चालत येतात. वरंधच्या बाजूने सुटले की आधी पठारावरची पिवळी सोनकी पुसतात, मग नाचणीचे उतार, मग एकेक घर. त्या दिवशी दुपारी मी वर पोचले तेव्हा वाडी कुठे आहे ते मला फक्त आवाजांवरून कळत होतं.

"पांढरा नको गो तुळसा," धुक्यातून बयाबाई म्हणत होती. "चिखलात दोन दिवसांत म्हशीवानी दिसंल."

"मंग लाल?"

"लाल चालंल. ढगातसुदा दिसंल."

मी महाडला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहते. महिन्यातून एकदा वाडीच्या झऱ्याचा नमुना न्यायला येते, तेव्हा तुळसाकाकीकडे उतरते. ती माझ्या धाकट्या काकांची बायको. दहावी झालेली, म्हणून वाडीतले सगळे अर्ज तीच भरते. रेशनचे, पीकविम्याचे, पेन्शनचे. वाडीच्या चौतीसही माणसांच्या आधार कार्डांचे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत. फोनला रेंज येते ती एकाच ठिकाणी, पठाराच्या कडेच्या खडकावर. आवाज तिथूनच येत होते.

"समीक्षा आली काय?" काकीने मला चपलांच्या आवाजावरून ओळखलं. "ये, बस. आपल्याला गाडी मिळतेय."

खडकावर काकी फोन घेऊन बसली होती. शेजारी बयाबाई, दोन्ही गुडघ्यांना फडकं बांधून. गेली दोन वर्षं ती महाडला उतरली नव्हती. वाडीपर्यंत रस्ता गेल्या उन्हाळ्यात झाला, पण त्यावरून वर येणारी गाडी नाही. आजारी माणसाला अजून डोलीतूनच खाली न्यावं लागतं.

काकीने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर रंगीत चाक होतं, शेजारी आठ माणसं बसतील अशी चकचकीत गाडी. वर लिहिलं होतं, ‘सणासुदीचा महासोहळा’. खाली घड्याळ उलटं चाललं होतं. नऊ मिनिटं बारा सेकंद. नऊ मिनिटं अकरा सेकंद.

"चाक फिरवायचं. गाडीवर थांबलं की नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधारचा नंबर भरायचा," काकी म्हणाली. "मंग अंतिम फेरीत नाव जातं. जितकी नावं जास्त तितकं बरं. म्हणून मी सगळ्यांची भरतेय. गाडी कोणाच्याबी नावावर येऊ दे, वाडीची म्हणून राहील."

"पुढं मी बसनार," बयाबाई म्हणाली. "ह्ये गुडघे मागं मावत नाय."

"किती भरलीस?" मी विचारलं.

"अकरा घरांतली अकरा माणसं. बयाबाईचं बारावं. मंगेशला ओटीपी मागितलाय, तो फोन करंल आता."

मंगेश बयाबाईचा मुलगा, मुंबईत नोकरीला. आमच्या वाडीत आधारला जोडलेला नंबर बहुतेकांचा मुंबईतल्या मुलाचा असतो, कारण वर फोन लागत नाही. रेशनसाठी अंक लागले की काकी खडकावर येऊन निरोप पाठवते आणि मुलं फोन करून अंक वाचून दाखवतात. पाच वर्षं असंच चाललं आहे, कधी काही बिघडलं नाही.

मी फोनकडे पाहत राहिले. खरं सांगायचं तर मलाही ती गाडी दिसली. लाल, काचांवर थेंब, पुढच्या सीटवर बयाबाई, आणि धुक्याला बाजूला सारत ती हळूहळू झऱ्याच्या वळणावर येते आहे. किती सहज आली असती.

मग मी फोन हातात घेतला, पान बंद करून पुन्हा उघडलं.

घड्याळ दहा मिनिटांवर गेलं.

"काकी, हे बघ. वेळ कमी होत चालली होती ना? आता परत पहिल्यापासून."

"रेंज गेली असंल मधी."

पुन्हा उघडलं. पुन्हा दहा मिनिटं. मी चाक फिरवलं. पहिल्यांदा ते ‘पुन्हा प्रयत्न करा’वर थांबलं, दुसऱ्यांदा गाडीवर. पान बंद केलं, उघडलं, फिरवलं. पहिल्यांदा ‘पुन्हा प्रयत्न करा’, दुसऱ्यांदा गाडी.

"तुझं कसं झालं होतं?"

"असंच," काकी म्हणाली. तिचा आवाज थोडा बारीक झाला. "अकराही वेळा. मला वाटलं, आपला दिवस चांगला हाय."

"तुजं शिक्षान बाजूला ठेव गो जरा," बयाबाई मला म्हणाली. "तुला सगळ्या पान्यात किडं दिसतात."

मी हसले, पण पिशवीतून बाटली काढली. "ह्यात काय आहे माहितीये? काहीच नाही. डिस्टिल्ड पाणी. झऱ्याचा नमुना तपासण्याआधी आम्ही हे तपासतो. ह्यातही जंतू दिसले, तर झऱ्याला दोष देत नाही. तपासणीच खोटी आहे असं समजतो. त्याला कोरा नमुना म्हणतात."

काकी बाटलीतून धुक्याकडे बघत होती. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"म्हंजे नसलेलं माणूस भरायचं?"

"हो."

तिने चाक फिरवलं. दोनदा. गाडी आली. नावाच्या जागी तिने सावकाश लिहिलं, ‘डिस्टिल्ड पाणी’. आईचं नाव, ‘ढग’. आधारच्या जागी बारा शून्यं. जन्मतारखेवर ती थांबली, आणि मग तिने उद्याची तारीख टाकली.

पडद्यावर कागदी फुलं उधळली. ‘अभिनंदन, डिस्टिल्ड पाणी! तुमची अंतिम फेरीसाठी निवड झाली आहे. आता ओटीपी टाका.’

ढग खडकावरून सरकत होता. काकीच्या पायाशी एक सोनकीचं फूल दिसलं, मग पुन्हा दिसेनासं झालं.

"जो अजून जन्मलाच नाय, त्याची पन निवड झाली," काकी म्हणाली.

"गाडी नाहीच आहे, काकी. त्यांना फक्त नावं, तारखा आणि आधार नंबर हवे आहेत. वर ओटीपीचे अंक मिळाले की तुमच्या नावाने दुसरंच कुणीतरी कुठेही कागद करू शकतं."

फोन वाजला. मंगेश. काकीने स्पीकर चालू केला, नेहमीसारखा.

"हां काकी, घाईत हाय, साहेब समोर हाय. लिहून घे. चार, आठ..."

काकीचं बोट पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनावर होतं. क्षणभर मला वाटलं, सवयीने ती लिहिणार.

"थांब रे," ती म्हणाली. "सांगू नको."

"काय झालं? सात, एक..."

"मंगेश! तोंड बंद कर!"

पलीकडचे अंक थांबले.

"कशाला पाहिजे ते इचारलंस काय मला?" काकीने विचारलं.

"तू मागतेस काकी. तुला काय इचारायचं?"

काकीने फोन मांडीवर उलटा ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकला. अकरा मुलांनी अकरा वेळा असेच अंक वाचून दाखवले होते, आणि एकानेही विचारलं नव्हतं, कारण मागणारी ती होती. ते त्या पानाला फसले नव्हते. ते पान तर त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"आता काय करता येतं?" तिने मला विचारलं.

मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. आधारचे ठसे कुलूपबंद करता येतात. बँकेत कळवता येतं. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवता येते, पानाचे फोटो काढून ठेवायचे. यातलं सगळं उपयोगी पडेलच असं नाही, पण जितकं लवकर तितकं बरं. उद्या मी महाडला बरोबर येते.

"म्हंजे अकराही घरांना सांगावं लागनार."

"मी सांगू का त्यांना?"

"तू कशाला? कागद माझ्याकडं दिलेत त्यांनी."

बयाबाईने गुडघ्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "मला तर सांगून झालंच," ती म्हणाली. "मी काय रागावले नाय. गाडीत बसून आले मी, महाडपोत्तूर." मग जरा थांबून, "तरी बाकीचे रागवतील हां. मुरारी तर बोंबलंल."

"बोंबलू दे," काकी म्हणाली.

तिने फोन उचलला. मंगेश अजून लाइनवरच होता, कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता.

"मंगेश, ऐक. ह्याच्यापुढं माझा निरोप आला तरी अंक द्यायचे नाय. आधी इचारायचं, कोनाचा कागद, कशाला पाहिजे, कुठं भरनार. मला पटेल असं नाय, तुला पटेल असं सांगितलं तरच द्यायचे. कळलं?"

"तुला पन नाय?"

"मला पयलं नाय."

मग तिने यादीतलं पहिलं नाव शोधलं आणि फोन लावला. ते मुरारीआप्पांच्या मुलाचं होतं. पलीकडे घंटी वाजायला लागली. काकी उभी राहिली, पदर खोचला, आणि वाडीतली घरं जिकडे असायला हवी होती तिकडे, पांढऱ्याकडे तोंड करून थांबली.