उजवीकडून चढलेले घोडेस्वार

"मावशी, रीळ द्या. खाली गाडी उभी आहे," साहेब दारातूनच म्हणाले.

"पाचच मिनिटं."

"पाच-पाच करत तास झाला! सडलेलं रीळ आपोआप पेटतं, माहीत आहे ना?"

मला नाही तर कुणाला माहीत असणार? या चित्रपट संग्रहालयात एकतीस वर्षं मी जुनी रिळं तपासते, तुटलेली जोडते, त्यांच्या नकला काढते. हे रीळ काउबॉयच्या एका मूकपटाचं होतं, शंभर वर्षांपूर्वीचं. नाव नाही, मजकुराची एक पाटी नाही. नुसते डोंगर, घोडे आणि डाव्या हातानं गोळ्या झाडणारा नायक. ओळख पटावी म्हणून गेल्या महिन्यात मी त्याची एक कच्ची, धूसर नक्कल काढली होती. ती बघून आमच्या चष्मेवाल्या संशोधकांनी निकाल दिला, की असा डावखुरा नट एकच होऊन गेला, आणि त्याचे सगळे चित्रपट दुसरीकडे शाबूत आहेत. तेव्हा हे जाळायला हरकत नाही.

मला मेलं उगाच वाईट वाटत होतं, म्हणून शेवटचं एकदा नक्कल लावून बसले होते. पडद्यावर चोर घोड्यावर चढले. मागोमाग फौजदार चढला. मग नायक. आणि मी खुर्चीतून पुढे सरकले.

सगळे उजवीकडून चढत होते!

माझे वडील घोडागाडी चालवायचे. घोड्यावर डावीकडून चढतात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एखादा नट डावखुरा असेल, मान्य. पण अख्खी टोळी उजवीकडून कशी चढेल?

फिल्मची एक बाजू मसाल्याची असते, चित्र तिच्यावर उमटतं. ती कुठली, हे आम्ही ओठाला लावून ओळखतो. मसाल्याची बाजू किंचित चिकटते. हे रीळ सडल्यामुळे दोन्हीकडून चिकट झालं होतं. मी एकच बाजू लावली, ती चिकटली, आणि दुसरी बघितलीच नाही. कालच्या पोरीनंही दोन्ही लावून पाहिल्या असत्या. नक्कल काढायच्या यंत्रावर मी रीळ उलटं चढवलं होतं. डाव्याचं उजवं मीच करून ठेवलं होतं.

साहेबांनी रिळाचा डबा उचलला. निवृत्तीला माझे तीन आठवडे उरले होते. गप्प बसले असते, तर संध्याकाळपर्यंत राख झाली असती आणि माझी अब्रू झाकली गेली असती. खोटं कशाला सांगू, तसं मनात आलंही. साहेब जिन्यापर्यंत गेले. खालून गाडीचा भोंगा वाजला.

"थांबा!" मी ओरडले. "मी उलटं लावलं होतं!"

आवाज ऐकून चष्मेवाले शेजारच्या खोलीतून धावत आले. "तुम्ही? उलटं? मावशी, थट्टा करू नका."

"ही काय थट्टेची वेळ आहे? इकडे या." मी पिशवीतून माझा छोटा आरसा काढला आणि पडद्यासमोर धरला. आरशातला नायक डावीकडून घोड्यावर चढला आणि त्यानं उजव्या हातानं पिस्तूल काढलं.

चष्मेवाले पांढरेफटक पडले. धडपडत कपाटाशी गेले आणि एक जुना फोटो घेऊन आले. फोटोत एक कललेला सुळका होता, त्याच्या पायथ्याशी दुभंगलेलं झाड. "हरवलेल्या एका चित्रपटाचा एवढाच फोटो उरलाय. मी ताडून पाहिला होता. पण सुळका विरुद्ध बाजूला झुकत होता, म्हणून बाजूला ठेवला."

पडद्यावर सुळका आला, तसा त्यांनी फोटो आरशाला भिडवला. खाली भोंगा वाजतच होता. सुळका जुळला. झाड जुळलं.

"हाच तो," ते म्हणाले. "जगात कुणाकडे नाहीये हो हा."

साहेबांनी खिडकीतून ओरडून गाडी परत पाठवली. रीळ शीतगृहात गेलं. मग त्यांनी नोंदवही उघडली आणि घसा साफ केला. "काय लिहायचं? यंत्रात बिघाड, असं लिहू?"

"यंत्रानं काय घोडं मारलंय? खरं ते लिहा. माझ्या जागी पुढे बसणाऱ्याला कळायला नको?"

"मावशी, तीन आठवडेच राहिलेत. कशाला उगाच?"

मी वही माझ्याकडे ओढली. 'रीळ उलट्या बाजूने लावले. चूक माझी.' एवढं नीट लिहून झालं, पण सही करताना पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटू लागलं. साहेबांनी दोन बोटांनी पान दाबून धरलं, माझी सही होईपर्यंत.