बापाकडची माणसं

शाळेत आगीच्या सरावाची घंटा कर्कश वाजली आणि सोळा वर्षांची दाओन बाकावरून उठता उठता कोसळली. पोरं आधी हसली. नाटक करतेय, असं त्यांना वाटलं. तिचे ओठ निळे पडलेले दिसले तेव्हा वर्ग गप्प झाला. रुग्णवाहिका यायच्या आतच ती शुद्धीवर आली आणि बाईंना म्हणाली, "शनिवारी माझी स्पर्धा आहे."

कोरियातल्या जेजू बेटावर पोहणारी पोरं काही कमी नाहीत, पण दाओन त्यांच्यातही उठून दिसायची. तिची आई मीरान एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून दोघीच राहत होत्या.

हृदयाच्या डॉक्टर मिनबाईंनी मीरानसमोर दोन ईसीजी ठेवले. एक लेकीचा, एक तिचा स्वतःचा.

"दोन्हींत एकच गोष्ट दिसतेय. ठोका पडल्यावर हृदय पुढच्या ठोक्याला तयार व्हायला जरा जास्त वेळ घेतंय. पण फरक इतका बारीक आहे, की नुसत्या यावरून मी ठाम सांगू शकत नाही. अशी माणसं एरवी ठणठणीत असतात. मग एखाद दिवशी अचानक मोठा आवाज होतो, नाहीतर ती पाण्यात उडी मारतात, आणि हृदयाची लय बिघडते."

"आणि?"

"कधी आपोआप सावरते. दाओनची सावरली. नेहमी सावरेलच असं नाही." डॉक्टरांनी पेन उचललं. "रक्त तपासायला पाठवलंय, पण त्याला वेळ लागेल. तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय? पट्टीचं पोहणारं असून बुडालंय?"

"आईकडचे सगळे आहेत. मामा तर अजून डोंगर चढतात. बाबा मी सहा वर्षांची असताना गेले. मोटारसायकल खड्ड्यात घातली. दारू प्यायले होते, म्हणतात."

"म्हणतात, की होते?"

मीरानने दोन्ही ईसीजी एकमेकांवर सरळ ठेवले.

"वडिलांकडची माहिती काढा," डॉक्टर म्हणाल्या. "कागदपत्रं नंतर बघता येतील. आधी म्हातारी माणसं गाठा. प्रश्न साधे ठेवा: कोण गेलं, कितव्या वर्षी, तेव्हा काय करत होतं. आणि तोवर मुलीला पाण्यात उतरू देऊ नका. बादलीभर पाण्याने आंघोळ चालेल, तलाव नाही."

घरी भांडण झालं. दाओनने दप्तर भिंतीवर आपटलं. "मला काही झालेलं नाही! नाश्ता केला नव्हता म्हणून चक्कर आली. तू वर्षभर उठवायचीस मला सरावाला, आणि आता?"

"आता नाही म्हणतेय."

"मी जाणार."

मीरानने तिचा पोहण्याचा पोशाख गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. तेवढ्याने पोरगी थांबणार नाही, हे तिला कळत होतं. मैत्रिणीचा पोशाख मिळू शकतो, आणि समुद्राला तर दारच नाही.

दुसऱ्या दिवशी ती हाल्ला डोंगराच्या उतारावर थोरल्या काकांकडे गेली. सांगबो काका एक्याऐंशीचे. संत्र्यांच्या बागेत शिडीवर उभे राहून स्वतः छाटणी करत होते. वडील गेल्यावर मीरानच्या शिक्षणापासून लग्नापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं होतं. वडिलांचं श्राद्ध दरवर्षी त्यांच्याच घरी व्हायचं.

"काका, आपल्या घराण्यात हृदयाने कोण गेलं?"

"कोणी नाही. आजोबा ब्याण्णव. माझे चुलते अठ्ठ्याऐंशी. ह्यॉन घराण्यातली माणसं सहजासहजी मरत नाहीत, हवं तर काकूला विचार. वाट बघून दमलीये."

काकूने सातूचा चहा आणला, पण ती हसली नाही.

"कोणी चक्कर येऊन पडलेलं? बुडालेलं?"

"नाही म्हटलं ना."

"बाबा खरंच प्यायले होते का त्या दिवशी?"

काकांनी कात्री मिटली. "मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस? मध्येच हे खूळ कुठून काढलंस?"

मीरानने सगळं सांगितलं. घंटा, निळे ओठ, दोन ईसीजी. "शनिवारी ती उडी मारेल, काका. मी किती दिवस कोंडून ठेवू? डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे काही तरी हवं. दाओनला दाखवायलाही."

काका शिडीवरून उतरले, पण बसले नाहीत. बागेच्या दगडी बांधाकडे तोंड करून उभे राहिले.

"आमच्या रक्तात असलं काही नाही," ते म्हणाले.

"असं कसं म्हणता? बाबा तुमचे सख्खे..."

"सांगून टाका हो," काकू मध्येच म्हणाली. "पोरीच्या जिवावर बेतलंय. तुमच्या आईला दिलेला शब्द आता पुरे झाला."

"तू गप बस!"

"नाही बसत."

काकांनी कात्री बांधावर ठेवली. मग काकांनी पाठमोऱ्यानेच सांगितलं. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. बंड मोडायला डोंगरावरची गावं सैनिकांनी जाळली होती, त्या हिवाळ्यात. एका पहाटे त्यांचे वडील घोंगडीत गुंडाळलेलं तान्हं मूल घेऊन घरी आले. वरच्या गावातल्या त्यांच्या मित्राचं, यांग नावाच्या माणसाचं. बाप मेलेला, आईही बाळंत होऊन दोन दिवसांत गेली. मूल खऱ्या नावाने नोंदवलं असतं तर बंडखोराचा मुलगा म्हणून जन्मभर नोकरी मिळाली नसती. म्हणून ते ह्यॉन झालं.

"तुझा बाप माझ्या पाठीवर वाढला," काका म्हणाले. "तो माझाच भाऊ. हे मी तुला सांगितलं नसतं. मेलो असतो तरी नसतं सांगितलं."

मीरान शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली. चव्वेचाळीस वर्षं ज्या थडग्यांवरचं गवत ती दर शरद ऋतूत कापत आली, त्यातलं एकही तिच्या माणसाचं नव्हतं? रडायला वेळ नव्हता. तिने विचारलं, "यांगांकडचं कोणी उरलंय?"

"त्या यांगची एक धाकटी बहीण. मालसुन. पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढते. माझी आई गेली तेव्हा फाटकाशी येऊन उभी होती. मीच तिला हाकललं." काकांनी बांधावरचा एक दगड नीट बसवला. "तिला वाटेल, मी पाठवलंय तुला. माझं नाव काढू नकोस."

मालसुन किनाऱ्यावरच भेटली. चौऱ्याऐंशी वर्षांची, आणि नुकतीच समुद्रातून वर आलेली. काळ्या रबरी पोशाखातून पाणी निथळत होतं. शिंपल्यांची जाळी तिने खडकावर आदळली आणि चाकूने शिंपला उघडता उघडता अनोळखी बाईकडे पाहिलं.

"सामचुन," मीरानने हाक मारली. जेजूत कुठल्याही वडीलधाऱ्याला अशीच हाक मारतात. "मी तुमच्या भावाची नात आहे."

म्हातारीच्या हातातला चाकू थांबला. तिने मीरानचं कपाळ, कान, हनुवटी सगळं निरखून घेतलं.

"घरात चल. इथे वारा आहे," एवढंच म्हणाली.

घर म्हणजे दोन खोल्या. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. मालसुनने कपडे बदलले, गरम पेज पुढ्यात ठेवली आणि समोर बसली. "विचार."

"माझे आजोबा कसे गेले?"

"गोळी लागून."

"कुठे लागली?"

"गोळी ती गोळी. कुठे म्हणजे? स्मारकाच्या दगडावर नाव आहे त्याचं. त्या हिवाळ्यात मारलेल्या सगळ्यांबरोबर. जाऊन बघ."

"आजी, मला नीट सांगा. माझ्या मुलीच्या..."

"मला आजी म्हणू नकोस इतक्यात!" तिने वाडगा सरकवला. "पंच्याहत्तर वर्षांत कोणी आलं नाही. आज आलीस ते गोळी मोजायला?"

मीरानने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घंटा वाजली आणि पोरगी पडली, हे ऐकताच मालसुनचा चेहरा बदलला.

"घंटा वाजली म्हणून?"

"हो. नुसत्या आवाजाने."

म्हातारी उठली. दार लावून घेतलं. खिडकीही लावली, जणू कोणी ऐकणार होतं.

"गोळी लागली नव्हती," ती म्हणाली. "आम्ही बांबूच्या बनात लपलो होतो. मी नऊ वर्षांची. माझा हात त्याच्या हातात होता. सैनिकांनी गावाकडे तोंड करून बार काढला. आमच्याकडे नाही, गावाकडे. आणि तो पडला. मी त्याला चाचपून पाहिलं, रक्त कुठेच नाही. सैनिकांना सापडला तेव्हा ते हसले. म्हणाले, हा तर आवाजानेच मेला." तिने श्वास घेतला. "बनातून वाचलेल्यांनी गावभर केलं. बाकीचे गोळ्या झेलून मेले, यांगांचा पोरगा घाबरून मेला. भित्रा. पुढे स्मारक व्हायचं ठरलं तेव्हा मी सांगितलं, गोळी लागली. आता खरं बाहेर आलं तर नाव पुसतील ना?"

"आजी, ते घाबरून गेले नसतील," मीरान म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, अशा हृदयाला नुसता आवाज पुरतो. माझ्या लेकीला सरावाची घंटा पुरली. तिला कसली भीती होती?"

मालसुनने वाडगा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मीरानने दुसरा प्रश्न विचारला. विचारताना तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली आणि उत्तर तिला आधीच कळलं. "पाण्यात कोणी गेलंय?"

"माझा मुलगा. सत्ताविसाव्या वर्षी. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं म्हणून पाण्यात उतरला. समुद्र तळ्यासारखा शांत होता गं. त्याच्यासारखा पोहणारा या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. मी समुद्राला शिव्या दिल्या. रोज देते, आणि रोज उतरते." ती एकदम थांबली. "तेही हेच?"

"असू शकतं. त्याला मूल?"

"एक मुलगा आहे. गुंहो. चोवीस वर्षांचा." म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. "तो बोटीवर आहे. आज दुपारी गेलाय. बापासारखाच, काही अडकलं की आधी हा उडी मारतो."

तिने फोन लावला. लागला नाही. मीरानने लावला. क्षेत्राबाहेर. बंदरावरच्या कार्यालयात विचारलं, तर त्यांनी सांगितलं, बोट अंधार पडायच्या आत येईल, बिनतारी संदेश पाठवून बघतो. काय सांगू त्याला?

"सांग, आजीने पाण्यात उतरायला बंदी केलीये!" मालसुन फोनमध्ये ओरडली. "कारण विचारलं तर म्हणावं, आजी वेडी झालीये!"

दोघी धक्क्यावर जाऊन बसल्या. वारा वाढत होता. एकेक बोट येत होती आणि प्रत्येक बोटीला मालसुन उठून उभी राहत होती. मीरानने मिनबाईंना फोन करून सगळं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "दाओनला आजच आणा. औषध सुरू करू, रक्ताच्या निकालाची वाट बघायची नाही. आणि तो मुलगा किनाऱ्यावर आला की त्यालाही."

मीरानने दाओनला फोन केला. ती उचलत नव्हती. शाळा सुटून गेली होती. चौथ्यांदा लावला तेव्हा उचलला, आणि मागे पाण्याचा आवाज ऐकू आला.

"दाओन, तू कुठे आहेस?"

पाणी पुन्हा खळखळलं.

"तलावावर?"

"मी फक्त काठावर बसलेय. पाय टाकून." आवाज रडका होता. "आई, मला भीती वाटतेय. उडी मारायला जाते आणि मग ती घंटा आठवते."

"पाय बाहेर काढ. मांडी घालून बस, काहीही कर, पण बाहेर. तुझे पणजोबा सापडलेत मला. सांगते सगळं. काकाआजोबा तुला न्यायला येतायत, त्यांच्याबरोबर दवाखान्यात ये."

सांगबो काकांना फोन केला तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "निघालो."

गुंहोची बोट शेवटची आली. तो कोरडा होता, आणि चिडलेला. "आजी, अख्ख्या बोटीसमोर! आता महिनाभर चिडवतील मला." मालसुनने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्या जाकिटाला तोंड लावून रडली. त्याला काही कळेना. "या कोण?" त्याने मीरानकडे बघून विचारलं.

"तुझी बहीण," म्हातारी म्हणाली. "गाडीत बस."

गुंहोचा ईसीजी पाहून मिनबाईंना रक्ताच्या निकालाची गरजच वाटली नाही. त्याला त्याच रात्री दाखल करून घेतलं. पुढे त्याच्या छातीत हृदयाची लय सावरणारं एक छोटं यंत्र बसवलं आणि त्याने बोट सोडून बंदरावर काम घेतलं. काही आठवड्यांनी निकाल आले. दाओन, मीरान, गुंहो आणि मालसुन, चौघांतही तोच दोष होता. मीरानच्या बाबांची मोटारसायकलही बहुधा दारूमुळे खड्ड्यात गेली नव्हती. म्हातारीचा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला.

"सत्तर वर्षं समुद्रात बुड्या मारल्यात तुम्ही? या हृदयाने?"

"मग काय, दुसरं कुठून आणू?" मालसुन म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "बाई, माझा भाऊ. तो घाबरला म्हणून नाही ना मेला?"

"इतक्या वर्षांनी शंभर टक्के सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरले असतील, तिथे सगळेच घाबरले असतील. पण माझ्या मते ते या हृदयामुळे गेले. आणि सैनिकांनी बार काढला नसता, तर त्या दिवशी गेले नसते."

मालसुनने ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

दाओनने स्पर्धा सोडली, पण सहज नाही. कित्येक दिवस ती आईशी बोलली नाही आणि गोळ्या जिभेखाली धरून थुंकायची. गुंहोने एकदा तिला बंदरावर नेलं, शर्ट वर करून छातीवरचा व्रण दाखवला. दोघं काय बोलले कुणाला कळलं नाही. घरी येऊन तिने स्वतःहून गोळी घेतली.

मीरानच्या वडिलांच्या श्राद्धाला त्या वर्षी सांगबो काकांनी मालसुनला बोलावलं. ते फाटकाबाहेर जाऊन तिची वाट बघत उभे राहिले. ती आली तेव्हा काका खाली वाकले, चांगले कमरेतून, आणि म्हणाले, "ताई, आत या."

पान वाढण्याआधी ती स्वयंपाकघरात शिरली, सूप चाखलं आणि काकूला म्हणाली, "फार खारट केलंय. आमच्याकडच्या माणसांना मीठ कमी लागतं."