सिस्टरचं खातं

"थांब! 'पुढे' दाबू नकोस. आधी सांग, हा माझा ईमेल कशाला मागतोय?"

माझं बोट माऊसवर तसंच राहिलं. वीस मिनिटांत कॉम्प्युटर लावून पळायचं ठरवून आलो होतो, त्याला पाऊण तास झाला. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली ही बाई. निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते.

"ऑनलाइन खातं काढायचं तर ईमेल लागतो," मी म्हणालो. "नाहीतर लोकल खातं. नाव टाका, पासवर्ड टाका, संपलं. या मशीनबाहेर कुणाला पत्ता नाही."

"एवढं सोपं असताना लोक दुसरं का घेतात मग?"

"पासवर्ड विसरतात म्हणून. ऑनलाइनला फोनवर कोड येतो, नवा पासवर्ड करता येतो. लोकलचा विसरलात आणि डिस्कला कुलूप असलं, तर मीही हात टेकणार. आतलं सगळं गेलं."

"सगळं म्हणजे सगळं?"

"अक्षर न् अक्षर."

इथवर आलं की गिऱ्हाईक जांभया देतं. सिस्टरांनी उलट खुर्ची पुढे ओढली. कोड दुसऱ्याच्या फोनवर मागवता येतो का? मग त्याला कळवावं लागतं का? तो आत जाऊ शकतो का? बाई माझी तोंडी परीक्षाच घेत होत्या, आणि खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती.

"एवढं काय ठेवणार आहात हो आत?" मी विचारून बसलो आणि जीभ चावली.

त्यांनी उशीच्या अभ्र्यातून एक कागद काढला. वॉर्डात आखतात तसा तक्ता. तारीख, वेळ, नोंद, सही.

'शेजारणीचं नाव. अकरा मिनिटांनी आठवलं.' 'कपाटाची किल्ली शोधली. हातातच होती.' 'बसमधून एक थांबा आधी उतरले. का, ते माहीत नाही.'

"पेशंट कोण?"

"मीच की. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही. आला की पहिलं घर आवरायला घेतो मेला, कागद बरोब्बर त्याच्या हाती लागेल. म्हणून तर हे मशीन."

"मग लोकलच बरं," मी घाईनं म्हणालो. मला वाटलं, त्यांच्या मनातलंच बोललो.

"अरे शहाण्या, आणि पासवर्ड विसरेन त्या दिवशी? खरा तक्ता लागेल तो तेव्हाच ना!" त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "पुढच्या ड्युटीवाल्याला वाचता येत नाही, तो तक्ता काय कामाचा? ऑनलाइन कर."

"नंबर कुणाचा टाकू?"

त्यांनी मुलाचा नंबर दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितला. वर माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी तो भरला, तसा त्यांनी स्वतःच त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आई, कसला कोड आलाय हा?"

"वाच."

त्यानं सहा आकडे वाचले. सिस्टरांनी एकेक करून स्वतःच्या बोटानं दाबले. मला हातही लावू दिला नाही. पडदा उजळला, खातं तयार झालं.

"पण माझा नंबर कशाला दिलास?" तो विचारत होता. "आई? काही झालंय का?"

मी बॅग उचलली. पैसे नंतर बघू, अशी खूण करून दाराकडे निघालो.

"तू आहेस कुठे आत्ता?" सिस्टरांनी विचारलं.

"ऑफिसात. जिन्यात उभा आहे."

"मग तिथंच पायरीवर जरा बस, बाळा."