लाल गाडीचं लाकडी स्टिअरिंग

मित्रांनो, मी एका लाल गाडीचं लाकडी स्टिअरिंग आहे. होतो, असं म्हणणं जास्त खरं. गाडी अजून आहे आणि मीही आहे, पण आता आम्ही एकमेकांना जोडलेलो नाही. हे कसं झालं ते मी तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना माझी कीव करू नका, कारण या गोष्टीत कीव करण्यासारखं फार थोडं आणि कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे.

साठ-बासष्ट वर्षांपूर्वी दूरदेशीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून, एकीवर एक चिकटवून माझं वर्तुळ तयार झालं. आत ॲल्युमिनियमचे तीन आरे बसले. मधोमध हॉर्नचं काळं गोल बटण आलं. त्यावर पंख पसरलेल्या पाखराचं चंदेरी चित्र होतं. मी गाडी वळवायची आणि बटणाने बोलायचं, अशी आमची वाटणी होती. गाडी म्हणाल तर दोनच माणसांची, बिनछपराची, वाऱ्याशी शर्यत लावावी अशी.

ती गाडी हैदराबादला कुणी आणली, का आणली, हे मला धड आठवत नाही. आठवतं ते एका गोदामामागचं पत्र्याचं शेड. आमचं इंजिन फुटलं होतं. सीटवर कोंबड्या अंडी घालत आणि एक कोंबडा रोज पहाटे माझ्यावर चढून आरवत असे. उन्हाने माझं लाकूड तडकलं होतं.

तिथे एके दिवशी शेषेराव आले. जळकोटकडच्या शेतकरी घरातला हा धाकटा मुलगा नांदेडला ट्रकचा फिटर झाला होता. गोदामाच्या मालकाचा ट्रक रस्त्यात बंद पडला होता, तो शेषेरावांनी दोन दिवस राबून चालू करून दिला. मालक म्हणाला, "माग काय मागायचं ते." शेषेरावांनी कोंबडा उडवून लावला, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही द्या."

त्याच ट्रकमध्ये चढून आम्ही नांदेडला आलो. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, केवळाबाईंनी, गाडी चारी बाजूंनी बघितली. कडेवर वर्षाची उज्वला होती.

"लेकरू कुठं बसंल ह्याच्यात?"

"तुझ्या मांडीवर," शेषेराव म्हणाले.

पुढची तीन वर्षं, ट्रकची कामं उरकली की ते आमच्यापाशी बसत. इंजिनाचे भाग त्यांनी कुठून कुठून जमवले, काही स्वतः घडवले. माझ्या चिरा भरल्या, काचकागदाने मला घासलं आणि जवसाचं तेल चोळून आठवडाभर सावलीत ठेवलं. तेल लाकडात मुरत गेलं, तसा माझा रंग पिकल्या चिंचेसारखा झाला. मित्रांनो, कारखान्यात मला यंत्रांनी घडवलं होतं. या वेळी मला एका माणसाने घडवलं.

मग आमचे सुखाचे दिवस आले. मुदखेडच्या रस्त्याला आम्ही निघालो की शेतातली माणसं काम थांबवून बघत. लग्नात नवरदेव या गाडीत बसायला मिळावं म्हणून आधीपासून सांगून ठेवत. पण मला आठवते ती अठरा वर्षांची उज्वला. शेषेरावांनी तिला चालकाच्या जागेवर बसवलं, तेव्हा गल्लीतल्या कुणीतरी म्हटलं, "पोरीला हे कशाला शिकवून राहिले?" शेषेराव शेजारी बसले आणि म्हणाले, "चल." तिच्या तळहातांना घाम आला होता, पण मला तिने सोडलं नाही.

हीच उज्वला पुढे लातूरला गेली, खराद म्हणजे लेथ मशीन चालवायला शिकली. आज तिथे तिचं स्वतःचं वर्कशॉप आहे. डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग ती घडवते. मोठमोठे मिलवाले तिला "मॅडम, आजच्या आज करून द्या" म्हणून विनवतात.

आता मी दुःखाच्या भागाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी शेषेरावांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते चालू लागले, डॉक्टरांनी गाडी चालवायलाही परवानगी दिली, पण गुडघा पूर्ण सरळ होईना. बसलं की तो थोडा वरच राही. आणि मी पडलो मोठ्या घेराचा. माझी खालची कड त्यांच्या मांडीला घासू लागली. ते अंग चोरून बसत, मी अंग चोरून फिरे. कुणाला काही बोलले नाहीत.

एका सकाळी मुदखेडच्या अलीकडे वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. शेषेरावांनी मला झटकन डावीकडे फिरवलं. मी अर्धा फिरलो आणि त्यांच्या मांडीत अडकलो. गाडी रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात घुसली. शेषेरावांना काही झालं नाही. शेजारी बसलेल्या केवळाबाईंच्या कपाळाला मात्र तीन टाके पडले.

त्या दिवशी शेषेरावांनी गाडी झाकली ती झाकलीच. "माझे दिवस संपले," एवढंच ते म्हणाले. खरं तर चूक त्यांची नव्हती. वळणावर अडलो मी होतो. पण हे त्यांना सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि बटण तर हॉर्नशिवाय दुसरं काही बोलू शकत नव्हतं.

वर्ष गेलं. ताडपत्रीखाली उंदीर फिरू लागले, माझ्या आऱ्यांवर धूळ साचली. मग कळलं की शेषेरावांनी गाडी देऊन टाकायची ठरवली आहे. रविवारी परगावचा एक माणूस ती बघायला येणार होता, म्हणून त्यांनी बॅटरी चार्ज करून आणली होती.

शनिवारी सकाळी उज्वला लातूरच्या एसटीने आली. खांद्यावर जड पिशवी होती, तरी आल्या आल्या तिने आमच्यावरची ताडपत्री ओढून काढली. शेषेराव ओसरीत पेपर वाचत होते. तिने पिशवीतून कातडी वेष्टणाचं एक लहान स्टिअरिंग काढलं आणि हाताच्या पंजाएवढा एक लोखंडी तुकडा.

"बापू, गाडीचं स्टिअरिंग बदलून राहिले मी."

"कशापायी? उद्या गाडी चालली."

"उद्या जाऊ द्या की मग. आज तर हाय ना?"

शेषेरावांनी पाठ फिरवली आणि पेपर वर धरला.

केवळाबाई चहा घेऊन आल्या. तो लोखंडी तुकडा कशाचा म्हणून त्यांनी विचारलं. उज्वलाने सांगितलं, "माय, नवं स्टिअरिंग सरळ बसत न्हाई. गाडीच्या दांड्याला बारीक खाचा हायत, तशाच ह्याच्या आतून पाडाव्या लागल्या. मागल्या खेपेला पंप दुरुस्त करायला आले होते ना, तवाच बटण काढून दांड्याच्या टोकाचा ठसा साबणाच्या वडीवर घेतला. पहिले दोन तुकडे बेकार गेले. हा तिसरा."

मला वाटलं, माझी जागा घ्यायला आलेल्या या लोखंडाचा मी राग करावा. पण त्याच्या खाचा मी बघितल्या. एकही दात कमी-जास्त नव्हता. साबणावरच्या ठशावरून असं काम करणारीचा राग कसा करायचा?

तिने बॅटरीची तार सोडली, पुढची चाकं सरळ केली आणि चाकूच्या पात्याने हॉर्नचं बटण हळूच उचकटलं. ते बाहेर आलं, तेव्हा माझ्या छातीत वारा शिरल्यासारखं झालं. मग तिने मोठं नट ढिलं केलं, पण पूर्ण काढलं नाही, चार आटे तसेच ठेवले, म्हणजे मी अचानक निसटून तिच्या तोंडावर आदळू नये. दोन्ही हातांनी मला हलवून हलवून ओढलं. मी येईना. चाळीस वर्षांचा गंज होता. तिने घासलेट सोडलं, थोडा वेळ थांबली, पुन्हा ओढलं. शेवटी तिने हातोडा उचलला.

"ठोकू न्हाई," ओसरीतून आवाज आला. पेपर अजून वरच होता. "दांडा आत दबंल."

"मग कसं काढू? तुम्ही सांगा."

पेपर खाली आला. शेषेराव काठी टेकत गाडीपाशी आले, खोलीतून घट्ट बसलेले भाग ओढून काढायचा आपला जुना पुलर मागवला आणि त्याचे पंजे माझ्या मागे अडकवले. "तू फिरव. हळू. उगं घाई करू नको." उज्वलाने स्क्रू पिळला. टक् असा आवाज झाला, तिने नटाचे उरलेले आटे सोडवले आणि मी सुटलो. शेषेरावांनी मला खाली पडू दिलं नाही. दोन्ही हातांत झेलून धरलं आणि ओसरीत एका पोत्यावर ठेवलं. त्यांचा अंगठा माझ्या एका जुन्या चिरेवरून फिरला.

दांड्यावर तो लोखंडी तुकडा चढला आणि त्यावर नवं स्टिअरिंग बसलं. उज्वलाने नट आवळलं, बॅटरी जोडली आणि नव्या स्टिअरिंगबरोबर आलेलं चकचकीत बटण दाबून बसवलं. त्यासरशी हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. शेजारचा कुत्रा पळाला, गल्लीतली माणसं दारात आली. उज्वला घाईघाईने बॅटरीची तार ओढायला धावली. शेषेराव बोनेटला टेकून हसत होते. वर्षभरात मी त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

"तार लोखंडाला लागून राहिली," ते म्हणाले. "अन् हे बटण काढ. आपलं लाव."

आपलं बटण नव्या भोकात किंचित सैल होतं. शेषेरावांनी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापली, बटणाभोवती गुंडाळली आणि अंगठ्याने दाबली. पाखरू नीट सरळ बसलं. उज्वलाने हॉर्न वाजवून बघितला. तोच जुना आवाज आला. मित्रांनो, माझं बटण माझ्यासमोर दुसऱ्याच्या छातीवर बसलं. वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

"बसून तरी बघा बापू," उज्वला म्हणाली.

ते बसले. वर राहिलेला गुडघा लहान स्टिअरिंगखाली बोटभर जागा ठेवून आत गेला. त्यांनी पूर्ण डावीकडे फिरवलं, पूर्ण उजवीकडे फिरवलं. कुठेच अडलं नाही. मग पुन्हा फिरवलं, जसं काही खोटं वाटत होतं.

"जरा जड हाय," ते म्हणाले.

"लहान हाय म्हणून जड हाय. पण अडणार न्हाई. बापू, त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हता, मायनं बघितलं. स्टिअरिंग मांडीत अडलं. जागा कमी पडली."

शेषेरावांनी स्टिअरिंग पुन्हा मधोमध आणलं. मग त्यांनी केवळाबाईंकडे बघितलं. "येतीस का?"

केवळाबाईंचा हात कपाळावरच्या व्रणाकडे गेला. मला वाटलं, त्या आत निघून जातील. त्यांनी पदर खोचला, दार उघडलं आणि बसल्या. "हळू चालवा म्हंजी झालं," त्या म्हणाल्या.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. मी पोत्यावर पडून आवाज ऐकत होतो. उज्वला माझ्याशेजारी पायरीवर बसून हाताचं ग्रीस पुसत होती. तिचे डोळे भरले होते. मला त्या क्षणी नव्या स्टिअरिंगचा हेवा वाटला नाही. मी जिथे अडलो होतो, तिथून ते त्यांना पुढे घेऊन गेलं होतं.

रविवारी परगावचा माणूस आला. शेषेरावांनी त्याला चहा पाजला, गाडी दाखवली आणि म्हणाले, "माफ करा, गाडी द्यायची न्हाई आता." त्याने हळहळ व्यक्त केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "निदान हे लाकडी तरी द्या. तुम्हाला आता काय उपयोग?"

"ते घरातलं हाय," केवळाबाई म्हणाल्या. त्यांनी मला पुसलं, जवसाचं तेल लावलं आणि आपल्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून लोखंडी कपाटावर ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. वस्तू कितीही देखणी असली, तरी तिने माणसाला सोसावं, माणसाने तिला सोसू नये. आजोबांना खुर्ची टोचत असेल तर खुर्ची बदला, आजोबांना गप्प बसायला सांगू नका. पण जे काढाल ते हातोडा मारून काढू नका आणि काढल्यावर उकिरड्यावर फेकू नका. पुसून, तेल लावून ठेवा. त्याला नवं काम कुठून मिळेल, हे त्यालाही ठाऊक नसतं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? महिनाभराने एका दुपारी केवळाबाईंनी मला खाली उतरवलं. सत्तरीला टेकलेली बाई खाटेवर बसली, तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि इकडेतिकडे कुणी नाही असं बघून हळूच डावीकडे फिरवलं. शेषेराव दारात कधी येऊन उभे राहिले, ते तिला कळलं नाही. मला वाटलं, ते हसतील.

"अंगठा आत घालू न्हाई," ते म्हणाले. "चाक दगडावर गेलं की झटका बसतो."

केवळाबाईंनी अंगठा बाहेर काढला. "उज्वलाला शिकवलं. मला कवा विचारलं न्हाई तुम्ही."

शेषेराव खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. "चल," ते म्हणाले.

आता रोज दुपारी आमचा तास असतो. पुढच्या महिन्यात मोकळ्या मैदानात, खऱ्या गाडीत बसायचं ठरलं आहे. काल खाटेवर बसल्या बसल्या त्या मला घेऊन एका मोठ्या वळणावर आल्या, समोरून बहुतेक ट्रॉली येत असावी. मी न अडता पूर्ण फिरलो. केवळाबाईंनी माझ्या मधल्या रिकाम्या भोकावर तळहात दाबला आणि तोंडाने मोठ्याने म्हणाल्या, "पॉं."