न सुटलेले शहर

मी एक जुने पुस्तक आहे, पण मित्रांनो, मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत गेलात तर तुम्हाला काडीचेही कळणार नाही. मी खेळायचे पुस्तक आहे. माझ्या पोटात गोष्टीचे चारशे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. वाचणारा हाच माझा नायक. अंधाऱ्या गल्लीत शिरायचे असेल तर ८८ वर जा, दार वाजवायचे असेल तर १६० वर जा, असे मी त्याला सांगतो आणि तो पाने उलटत माझ्यातून वाट काढतो. सोबत दोन फासे, एक पेन्सिल आणि खोडरबर लागते. खोडरबर जरा जास्तच लागते, कारण माझ्यात पावलोपावली मरण आहे.

गोष्ट अशी. सात बुरुजांच्या एका शहरावर अंधारयक्षांनी ताबा मिळवला आहे. उंच, सडपातळ, टोकदार कानांचे हे यक्ष गोड बोलतात, पण त्यांना उजेड सहन होत नाही. त्यांनी शहरातला एकूण एक दिवा विझवला आहे आणि माणसांना तळघरांत कामाला जुंपले आहे. तुम्ही गटाराच्या दारातून आत शिरायचे, दिवेवाल्याच्या घरातून तांब्याची किल्ली मिळवायची, सातव्या बुरुजावर चढायचे आणि तिथला मोठा दिवा पेटवायचा. दिवा पेटला की यक्ष पळाले आणि शहर सुटले. ते सारे ३१९ या क्रमांकावर लिहिलेले आहे.

माझा जन्म एका तळमजल्यावरच्या छापखान्यात झाला. त्या काळी शिशाचे खिळे हाताने जुळवून पुस्तके छापत. एकेक अक्षर, एकेक आकडा लाकडी खणातून उचलायचा आणि उलटा लावायचा. मला जुळवणारे कंपोझिटर त्या छापखान्यातले सर्वांत नेमके समजले जात. दिवसभर उभे राहून त्यांच्या पायांना गोळे येत, पण हात थांबत नसत. लेखिकाबाईंनी माझे तुकडे असे काही उलटेपालटे केले होते की कंपोझिटर वैतागून म्हणत, "बाईंनी गोष्ट लिहिलीय की पत्ते पिसून ठेवलेत?" मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांनी तर हात टेकले. शब्द मी बघतो, म्हणाले, या आकड्यांचं तुमचं तुम्ही बघा.

"आकडे माझ्याकडे सोडा," कंपोझिटर म्हणाले. "माझा आकडा कधी चुकत नाही."

आणि चुकला. तुकडा क्रमांक २१४. तांब्याची किल्ली घेऊन बुरुजाच्या दाराशी आलेल्या नायकाला तिथून ३१९ वर पाठवायचे होते. कंपोझिटरांच्या बोटांनी एकच्या आधी नऊ उचलला आणि तिथे ३९१ झाले. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारली नव्हती, दिवे गेले नव्हते. हात चुकला, एवढेच. ३९१ वर काय आहे ते सांगतो. 'पायाखालची फरशी सरकते. तुम्ही कोरड्या विहिरीत पडता. तुमचे साहस इथेच संपले.' म्हणजे ज्याने सगळे बरोबर केले, तोच नेमका विहिरीत. मला हे छपाईच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण पुस्तकाला आपल्या पोटातले बोलता येत नाही. कुणी वाचेल तेवढेच त्याचे बोलणे.

बांधणी होऊन मी कोरा करकरीत झालो तेव्हा कंपोझिटर मला घरी घेऊन आले. त्यांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई शिवणकामाच्या कारखान्यातून उशिरा येई, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे दोघेच असत. बाबा हातावरची शाई घासून काढत आणि विचारत, "काय सेनापती, आज शहर सुटणार का?" सेनापती फासे खुळखुळवत म्हणे, "आज नक्की!"

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. तिने मला कव्हर घातले. पानांचे कान तिने कधी मुडपले नाहीत. खेळाचे नियम मात्र बाबांचे, आणि ते फार कडक. चोरून पुढचे वाचायचे नाही. मेल्यावर मागच्या पानावर परतायचे नाही, पुन्हा एकपासून सुरुवात. मुलगीही इमानाची पक्की. वर्गातली एक मैत्रीण स्वतःच्या प्रतीची सगळी पाने चाळून आली आणि म्हणाली, "शेवट सांगू?" तेव्हा हिने दोन्ही कान झाकून घेतले.

वर्षभरात तिने माझे सगळे सापळे पालथे घातले. गोडबोल्या यक्षांना ती फसेना. दिवेवाल्याचे घर तिला झोपेतही सापडले असते. किल्ली घेऊन ती बुरुजाच्या दाराशी येई, २१४ वाचे, आणि पुढच्या तुकड्यात विहिरीत पडे. किती वेळा पडली याची मोजदाद मी ठेवली नाही. मला ते बघवत नसे.

"बाबा, वाटच नाहीये यात," एकदा ती म्हणाली.

बाबांनी टेबलावरचे फासे गोळा केले. मग म्हणाले, "वाट आहे. मी स्वतः जुळवलंय. तूच कुठेतरी घाई करतेस."

ती रडली. मग डोळे पुसून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. प्रत्येक तुकडा ती आता तीनतीनदा वाचू लागली. मित्रांनो, नऊदहा वर्षांच्या मुलीला आपण उतावळ्या आहोत, वेंधळ्या आहोत असे वाटू लागले, की ते तिच्या मनात घर करून बसते. शाळेत तिचे गणित बरोबर येई, पण ती उत्तर तीनदा तपासे आणि वेळ संपून जाई. अडीच वर्षांनी एके संध्याकाळी ती विहिरीत पडली, तिने मला मिटले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. बाबांनी का म्हणून विचारले नाही. त्यानंतर त्यांनी तिला सेनापती म्हटल्याचेही मला आठवत नाही.

पुढची तेवीस वर्षे मी त्या फळीवर एका बंद पडलेल्या इस्त्रीशेजारी काढली. माझी शिवण सैल झाली, पाने पिवळी पडली. खाली काय चालले आहे ते ऐकू येई तेवढेच. छापखान्यात संगणक आले आणि खिळे भंगारात गेले. मुलीची आई वारली. मुलगी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढू लागली. तिच्या नकाशात एक रेघ चुकत नसे, पण ती तो इतक्या वेळा तपासत बसे की कचेरीतले तिची थट्टा करत. आणि बाबांचे डोळे गेले. आयुष्यभर बारीक खिळे वाचले, वर काचबिंदू झाला. मग हृदयानेही दगा दिला. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितले की आता दिवस थोडे आहेत, त्यांच्या मनाप्रमाणे होऊ द्या.

तिने बाबांना विचारले, "काही हवंय का तुम्हाला?"

"ते पुस्तक आहे ना अजून? वाचून दाखव. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, शहर सुटलेलं."

मला खाली काढताना तिचा हात जरा अडखळला. तरी तिने माझ्यावरची धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसली. 

आता ती लहान नव्हती, नकाशेवाली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने मोठा कागद अंथरला, एक ते चारशे आकडे मांडले आणि माझ्या प्रत्येक तुकड्याची शेवटची ओळ तेवढी पाहून बाण काढत गेली. इमान इतके की मधला मजकूर तिने तेव्हाही वाचला नाही. चार तासांनी सगळे बाण काढून झाले. ३१९ या आकड्याकडे एकही बाण येत नव्हता. तिने २१४ काढले, ३९१ या आकड्यावर बोट ठेवले आणि कितीतरी वेळ तशीच बसली. आधी तिला हसू आले. मग तिने तोंडावर हात ठेवला.

शेजारच्या खोलीत बाबा खोकत होते. ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. ज्यांचा आकडा कधी चुकत नाही, अशा माणसाला या वयात हे सांगायचे कशाला? तिने कागदाची घडी करून ठेवून दिली.

मग रोज कचेरीतून आल्यावर ती वाचू लागली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसत. त्यांची उजव्या हाताची बोटे मांडीवर हलत, जणू अजून खिळे उचलताहेत. पाचव्या दिवशी ती बुरुजाच्या दाराशी आली. २१४ वाचले आणि माझ्यात छापलेला आकडा गाळून, आवाज जराही हलू न देता तिने म्हटले, "किल्ली कुलपात फिरते. ३१९ वर जा."

जन्मल्यापासून जे कुणी वाचावे म्हणून मी वाट पाहत होतो, ते तिने वाचले. तिचा हात पाने उलटू लागला.

बाबांची बोटे थांबली. "थांब," ते म्हणाले. "तिथं तसं छापलेलं नाही."

तिचा हात ३१९ च्या पानावर थांबला.

"तिथं ३९१ आहे. सापडलं ना तुला? मला वाटलंच होतं. म्हणून तर वाचायला घे म्हटलं. सांगायला जीभ रेटत नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. एका मुलाचं छापखान्यात पत्र आलं, काका वाट सापडत नाही. मी काढून बघितलं तर माझाच हात. मालकांना सांगितलं असतं तर एक शुद्धिपत्रक छापून आत घातलं असतं. पाव तासाचं काम. पण मी पत्र खिशात घातलं."

"आणि मी?" तिचा आवाज चिरकला. "मी अडीच वर्षं त्या विहिरीत पडत होते, बाबा. तुम्ही समोर बसून म्हणायचात, घाई करतेस. मी रडायचे!"

"हो."

"एकदा सांगायचं होतं!"

"तू सगळ्यांना सांगत सुटायचीस, माझ्या बाबांचा आकडा चुकत नाही म्हणून. रोज ठरवायचो, आज सांगू. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं." त्यांनी तिच्या दिशेने हात पुढे केला, पण ती जराशी बाजूला बसली होती, म्हणून तो हवेतच राहिला. "आता पुढचं वाच. काय आहे ते मला माहितीये, मीच जुळवलंय. पण तू वाच."

३१९ चे पान उघडे होते. तिने त्याच्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. तिला किती राग आला होता ते मला कळत होते, कारण तिच्या हाताखाली माझे पान चुरगळले. तिचा राग खरा होता, मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. तिने मला मिटले.

"उद्या वाचते," ती म्हणाली आणि उठून गेली.

"बरं," बाबा म्हणाले. "उद्या तर उद्या."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. दुपारी शेजारीणबाईंचा फोन गेला आणि ती धावत आली तेव्हा बाबा त्याच खुर्चीत गेलेले होते. मी शेजारच्या तिपाईवर होतो. सकाळी केव्हातरी त्यांनी चाचपून मला मांडीवर घेतले होते, माझी पाने बोटांनी उलटली होती आणि परत जागेवर ठेवले होते. छापलेली अक्षरे बोटांना लागत नाहीत. खिळे लागले असते.

आठवडाभर माणसे आली नि गेली. सगळे पांगल्यावर ती त्या खुर्चीसमोर बसली. तिने पेन काढले, २१४ वरचा चुकीचा आकडा खोडला आणि वर ठसठशीत ३१९ लिहिले. मग ३१९ चे पान काढून वाचायला तोंड उघडले. शब्द फुटेना. तीनदा प्रयत्न केला. शेवटी तिने माझ्यावर डोके टेकले आणि ती हमसून हमसून रडली.

आता मी मुलांच्या एका वाचनालयात आहे. तिनेच मला इथे आणून दिले. मुले येतात, मला खेळतात आणि शहर सोडवतात. तिने दुरुस्त केलेल्या आकड्यावरून ती टाळी वाजवत पुढे जातात. मला आनंद होतो, पण तो पुरा होत नाही.

मित्रांनो, माझी पाने जपा, माझ्यावर पाणी सांडू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे आहे. तुमच्या हातून चूक झाली तर ती खिशात घालून फिरू नका. आणि कुणी आपली चूक तुमच्यापाशी कबूल केली, तर रागवा, खुशाल रागवा, पण त्याने मागितलेले पान तेवढे त्याच दिवशी वाचून दाखवा. ३१९ हा तुकडा फार मोठा नाही. अवघ्या अकरा ओळी आहेत. मोठ्याने वाचायला एक मिनिट लागते.